वरच्या फळीवरची कादंबरी

कॅफेच्या दारावर पाटी होती, ‘कृपया हळू बोला’. आणि माझ्या हातात हॅमर ड्रिल.

गेली सोळा वर्षं मी रत्नागिरीत वाळवीची कामं करतोय. बंगले, आंब्याची गोदामं, एकदा एका देवळाचा सभामंडपही केला. इथे १८२८ सालापासून नगर वाचनालय आहे, त्यामुळे पुस्तकांचं आम्हाला अप्रूप नाही. पण पुस्तकं आणि कॉफी एका छपराखाली, हे माझ्या पिढीला नवीनच. जुनं चिऱ्याचं घर, पुढे ओटी, मागे पडवी, आणि मधल्या दोन खोल्यांत जमिनीपासून वाशांपर्यंत नुसती पुस्तकं. सोमवारी कॅफे बंद असतो म्हणून मालकीणबाईंनी तो दिवस दिला. तरी पडवीत चौघं होतीच. एक मुलगी जलरंगात झावळ्या रंगवत होती, दोन मुलगे हेडफोन लावून लॅपटॉपवर, आणि एक निवृत्त मास्तर राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक लिहीत होते.

“ही घरचीच आहेत,” ताई म्हणाल्या. “दादा, तुम्ही नुसतं फवारून जा ना. वास नको, आवाज नको.”

हे सगळेच म्हणतात. मी काही न बोलता स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळ्या वाजवत निघालो. खालच्या टणक, मधल्या टणक. कोपऱ्यातली वरून दुसरी फळी मात्र सुक्या भोपळ्यासारखी बोलली. शिडी लावून तिथली एक जाड कादंबरी ओढली. पाठ शाबूत, सोनेरी अक्षरं शाबूत, वजन मात्र जवळजवळ नाहीच. उघडली तर पानांच्या जागी मातीचे कंगोरे, आणि त्यातून पांढरे किडे टपटप माझ्या मनगटावर. आमचा पोरगा खालून शिडी धरून होता. म्हणाला, “दादा, ह्यात वाचायला काय ऱ्हायलंच नाय.”

मास्तर उठून आले. पाठीवरचं नाव वाचलं आणि गप्प झाले. मग म्हणाले, “ही मी दोन वर्षं शोधतोय. इथेच बसून.”

खिडकीजवळचा कवितांचा कप्पा, ज्याला येणारा प्रत्येक जण हात लावतो, तिथे मला एकही किडा सापडला नाही. वाळवीला अंधार आणि निवांतपणा लागतो. पडवीतल्या मंडळींनाही निवांतपणाच हवा असतो म्हणा, पण त्यांची पाठ पुस्तकांकडे.

मागची प्लायवूडची पाठ उचकटली तेव्हा मार्ग दिसला. पेन्सिलीच्या जाडीची मातीची नळी, फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून निघून थेट वरपर्यंत. चिऱ्याच्या सांध्यांतून वाळवी अशी गुपचूप चढते. वारूळ जमिनीखाली, राणी तिथे. वर कितीही फवारा, तिचं काही बिघडत नाही. म्हणून सांध्यालगत फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडायची आणि त्यात औषध भरायचं. इमिडाक्लोप्रिड, लिटरभर पाण्याला २.१ मिली. वास जवळपास नाही. वाळवीलाही ते कळत नाही, तीच अंगावरून एकमेकींना पोचवते. वासाचं ताईंचं म्हणणं मी पाळलं. आवाजाचं जमलं नाही. एकतीस भोकं. हेडफोनवाल्यांपैकी एकाने ते काढले, फोन पुढे केला आणि ड्रिलचा आवाज रेकॉर्ड करून घेतला. कशाला, ते मी विचारलं नाही.

पुस्तकांवर औषध मारत नाहीत. ती आधी हलवावी लागतात, आणि एवढी पुस्तकं आम्ही दोघं कधी हलवणार? चौघं रांगेत उभी राहिली. हातोहात सगळी पुस्तकं ओटीवर गेली. बऱ्याच पुस्तकांच्या आत काय आहे ते तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं गेलं. रंगवणारी मुलगी तर दर दहाव्या पुस्तकाला थांबायची, मागची रांग खोळंबायची. एक्केचाळीस पुस्तकं गेली ती गेलीच.

उरलेल्यांपैकी पन्नासेक पुस्तकांत कसर होती. ती चंदेरी, सुळकन पळणारी. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरवर पाऊस, त्यात बायंडिंगची खळ, म्हणजे तिला पंगतच. ताईंकडे आईस्क्रीमचा मोठा डीप फ्रीजर होता. मी म्हटलं, प्रत्येक पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बंद करा, उणे १८ अंशांवर चौदा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर पानांवर पाणी सुटेल.

“आमरसाशेजारी?”

“आमरसाला काय होतंय?”

शेल्फ परत लावताना भिंतीपासून चार बोटं सोडायला लावली. प्लायवूडची पाठ परत बसवू दिली नाही. दिसायला बरी दिसत नाही अशी कुरकुर झाली, ती मी कानाआड केली.

पाच दिवसांनी ताईंचा फोन. कुणी आंब्याचं आईस्क्रीम मागितलं होतं आणि नव्या पोराने बशीत ठेवून आणला एक जुना दिवाळी अंक. पिशवीसकट, वर बर्फ.

“दादा, दोन मिनिटं बाहेर होता. आता परत पहिल्यापासून चौदा दिवस मोजायचे का?”

“पिशवी उघडली?”

“नाही. त्या बाईंनी मुखपृष्ठ बघितलं फक्त. विकत मागतायत.”