सँडी नदीची चढण: तिसऱ्या हिवाळ्याची नोंद

आमच्या कोकणात मृगाचा पहिला दणका बसला की ओहोळांना पाणी येतं आणि त्याच रात्री माणसं बत्त्या घेऊन चढणीच्या, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येणाऱ्या, माशांना निघतात. नवं लाल पाणी आलं की मासा आला, एवढा साधा हिशोब. अमेरिकेत पोर्टलंडला आल्यावर स्टीलहेड माशाच्या मागे लागलो तेव्हा हाच हिशोब डोक्यात होता. दोन हिवाळे धो धो पाऊस बघून सँडी नदीवर पळालो आणि दोन्ही हिवाळे हात रिकामे. या वर्षी तीन मासे लागले. काय बदललं ते इथे मांडतो.

आधी माशाबद्दल, कारण महिन्यांचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात. नदीतच राहिला तो ट्राउट, समुद्रात जाऊन वाढून परतला तो स्टीलहेड. त्याच्या चढणी दोन. उन्हाळी मासा साधारण मे ते ऑक्टोबरमध्ये नदीत शिरतो, पण तेव्हा त्याची गाबोळी अजून तयार नसते. तो कित्येक महिने थंड डोहात, जवळपास काही न खाता, अंगच्या चरबीवर काढतो आणि पुढच्या हिवाळ्यात किंवा वसंतात अंडी घालतो. हिवाळी मासा नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये येतो तो गाबोळी भरूनच, आणि थोड्याच दिवसांत मोकळा होतो. म्हणजे अंडी घालायची वेळ जवळपास एकच, घरी यायची वेळ मात्र सहा-सहा महिने वेगळी.

इतक्या लवकर येऊन उपाशी राहायचं कशासाठी? मला पटलेलं उत्तर धबधब्यांत आहे. ऑरेगॉनच्या किनारी डोंगररांगेत सिलेट्झ नदीवर एक धबधबा आहे. उन्हाळ्यातल्या ओसरलेल्या पाण्यात तो ओलांडून वर जायचं ते उन्हाळी स्टीलहेडनेच. हिवाळी मासे खाली राहायचे. विलमेट नदीचा धबधबा नेमका उलटा: तो चढायला हिवाळा-वसंतातलं भरलेलं पाणी लागायचं, म्हणून तिथला मूळचा मासा हिवाळी. विलमेटमध्ये आज दिसणारे उन्हाळी स्टीलहेड 1960 च्या दशकापासून माणसाने आणून सोडलेल्या वाणाचे. 2017 साली संशोधकांनी लवकर किंवा उशिरा येण्याचा संबंध ग्रेब-वन-एल नावाच्या जनुकाजवळच्या एका छोट्या भागाशी जोडला. एवढीशी गोष्ट हरवली तर उन्हाळी चढणच हरवेल, हे वाचल्यापासून मला प्रत्येक उन्हाळी माशाबद्दल जास्तच काळजी वाटते.

आता नोंदी.

डिसेंबर. चार फेऱ्या, एकही मासा नाही. चारही वेळा पाऊस चालू असतानाच गेलो. नदी गढूळ, काठाला झाडांचे ओंडके वाहत होते.

जानेवारी. इथून वही नीट ठेवायला लागलो. रोज सकाळी बुल रन नदीच्या संगमाखालच्या मापकावरची पाणीपातळी लिहायची, आणि नदीवर गेलो तर पाण्याचा रंग. दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागलं. मासा चढत्या पाण्यात वर सरकतो खरा, पण तेव्हा तो चालता असतो आणि पाण्यात काही दिसत नाही. पाणी ओसरायला लागलं, गढूळपणा जाऊन हिरवट रंग आला, तीन-चार फूट खोलीवरचे गोटे दिसायला लागले, की तो थांबतो. तीच वेळ गळाची. पुराच्या तिसऱ्या दिवशी ऑक्सबो पार्कच्या खाली उभा राहिलो. पाणी 5 अंश सेल्सियस. इतक्या थंडीत मासा धावत्या धारेत राहत नाही, म्हणून माणसाच्या चालीने वाहणारा डोहाच्या शेवटाचा भाग निवडला आणि फ्लोटखाली, म्हणजे तरंगत्या बोंडाखाली, गुलाबी जिग (जड डोक्याचा गळ) सोडला. सकाळी साडेनऊला फ्लोट नुसता बुडला. झटका नाही, काही नाही. 28 इंचांची मादी, चांदीसारखी लखलखीत. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला, म्हणजे हॅचरीची, माणसाने पैदास करून सोडलेली. घरी आणली. आईने फोनवर विचारलं, "गाबोळी होती का रे?" होती, भरपूर. हळद-मीठ लावून तळली.

मार्चमध्ये दुसरा मासा, आणि याचा पर शाबूत. सँडीवर जंगली स्टीलहेड परत सोडायचाच असतो. कोलंबिया नदीच्या खालच्या खोऱ्यातले हे मासे 1998 पासून संकटग्रस्त यादीत आहेत. पाण्याबाहेर काढला नाही, फोटोही नाही. गुडघाभर पाण्यात शेपटीजवळ धरून ठेवला, त्याने जोर लावला तेव्हा सोडला. या नदीवरचं मार्मॉट धरण 2007 साली फोडलं. आता हे मासे धरणाच्या भिंतीला न अडता माउंट हूडच्या पायथ्याकडे जातात. हातातून सुटलेला मासा त्याच दिशेला गेला, तेव्हा मी बराच वेळ तसाच पाण्यात उभा होतो.

एप्रिलच्या शेवटी तिसरा. लांबुळका, पोट खपाटीला गेलेला, अंडी घालून समुद्राकडे निघालेला. अशाला इथे केल्ट म्हणतात. पॅसिफिकचे सामन अंडी घातली की मरतात, पण स्टीलहेडमधले काही वाचून पुन्हा येऊ शकतात. म्हणून माझी विनंती: केल्ट दिसले की ती जागा सोडून द्या. मीही त्यानंतर हंगाम बंद केला.

उन्हाळ्यात सँडीवर जाणार नाही. ऊन वाढलं की माउंट हूडच्या हिमनद्या वितळतात आणि पाणी सिमेंट कालवल्यासारखं राखाडी होतं. ऑगस्टमध्ये डेशूट्स नदीवर जायचं ठरवलंय. तिथे होडीत बसून गळ टाकायला बंदी आहे, काठाने चालत किंवा पाण्यात उतरूनच. कोलंबिया तापली की वरच्या नद्यांचे मासेही डेशूट्सच्या मुखाशी गारव्याला थांबतात. थर्मामीटर घेऊन ठेवलाय. पाणी 20 अंशांवर गेलं की त्या दिवशी गळ बाहेर काढायचाच नाही. सप्टेंबरमध्ये वही पुन्हा इथे उघडतो.