मोसंबीच्या पाकवलेल्या चकत्या: एअर फ्रायरची पाळी सगळ्यात शेवटी

कच्च्या चकत्यांवर साखर भुरभुरवून एअर फ्रायर १८० अंशांवर दहा मिनिटं लावला की काय होतं? साखर आधी फळाचा रस बाहेर ओढते. तो गोड रस जाळीतून खाली गळतो आणि तळाशी करपतो. वर उरतात त्या कडा काळ्या झालेल्या, आतून ओल्या, कडू चकत्या. साखर सालीच्या आत जायला हवी, तीही हळूहळू, सालीतल्या पाण्याची जागा घेत. ते काम पातेल्यातच होतं. एअर फ्रायर फक्त वाळवतो. ते मात्र तो फार छान करतो, विशेषतः पंख्याखाली ताटं मांडून दोन दिवस वाट बघायची सोय नसते तेव्हा.

फळ मोसंबीच घ्या. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे चकती उकळत्या पाण्यात पडली की सालीचं कडं एकीकडे आणि फोडींचा चोथा दुसरीकडे. डिसेंबरात केकसाठी संत्र्याच्या नुसत्या सालीच्या पट्ट्या जरूर पाकवा, पण अख्ख्या चकतीच्या भानगडीत पडू नका. मोसंबीची साल गराला घट्ट धरून राहते. मध्यम आकाराची, हाताला जड लागणारी, पातळ गुळगुळीत सालीची आणि पिवळटपणाकडे झुकलेली मोसंबी निवडा. जालन्याकडची चांगली रसाळ मिळाली तर उत्तमच. खडबडीत, जाड सालीच्या फळात पांढरा भाग खूप असतो, तो पाणी पिऊन फुगतो आणि नंतर वाळता वाळत नाही. बाहेरून आयात होणारी बिनबियांची संत्री कापायला सोपी पडतात, पण त्यांच्यावर मेणाचा थर असतो. ती गरम पाण्यात बुडवून ब्रशने घासल्याशिवाय वापरू नका. ईडलिंबाचा सुगंध या सगळ्यांहून सरस, पण त्याची साल जाड आणि कडू, त्यामुळे मेहनत वाढते.

तीन मोसंबी म्हणजे साधारण ६०० ग्रॅम. दोन्ही टोकं उडवून ६ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापा, वीस-बावीस होतात. ३-४ मिलिमीटरच्या दिसायला नाजूक, पण उकळताना त्यांचा गर गळून पडतो. १ सेंटिमीटरच्या केल्या तर साल आतून ओली राहते आणि डब्यात बुरशी धरते. दाते असलेली धारदार सुरी वापरा, दाब देऊ नका. प्रत्येक बी टूथपिकने काढून टाका, कारण कडूपणाचा मोठा साठा बियांमध्येच असतो.

मोसंबीचा रस काढून तासभर ठेवला की कडू लागायला लागतो, हे सगळ्यांनी चाखलेलं आहे. फळ कापलं गेलं की रसातल्या आम्लामुळे लिमोनिन तयार व्हायला लागतं, त्याची ती चव. म्हणून कापलेल्या चकत्या ताटकळत ठेवू नका. पाणी आधी उकळत ठेवा, मग सुरी हातात घ्या. भरपूर उकळत्या पाण्यात चकत्या ३ मिनिटं ठेवून ते पाणी फेकून द्या. ताज्या पाण्यात पुन्हा ३ मिनिटं, तेही फेका. ईडलिंबाला अशी तीन पाणी लागतात. थोडा कडवटपणा उरायला हवा. तो पूर्ण घालवला तर हाती नुसती साखर लागते.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच बहुतेक ठिकाणी गाळलेली असते. तिसऱ्या पाण्यात, अगदी मंद आचेवर, चकत्या १२ ते १५ मिनिटं शिजवा. सालीत टूथपिक टोचली तर अडकता कामा नये. पुरणाची डाळ मऊ शिजल्यावरच गूळ घालतो, त्यातलाच हा प्रकार. साल एकदा साखरेत गेली की होती तेवढीच मऊ राहते, पुढे कितीही वेळ उकळा. चिवट, चामड्यासारख्या चकत्यांचं कारण जवळजवळ नेहमी इथेच असतं. शिजवताना ढवळू नका, झाऱ्याने अलगद उचला.

रुंद, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात ५०० ग्रॅम साखर, ५०० मिली पाणी आणि दोन मोठे चमचे लिक्विड ग्लुकोज घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आंबट फळाशी त्याची प्रक्रिया होते. साखर पूर्ण विरघळली की चकत्या शक्यतो एकाच थरात पसरा आणि पृष्ठभाग जेमतेम हलेल इतक्या आचेवर ४५ मिनिटं ते तासभर ठेवा. मध्ये एकदा उलटा. खळखळ उकळलात तर पाक दाट व्हायची घाई करतो, साखर आत शिरण्याआधीच सालीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि चकत्या सुरकुततात. पांढरा भाग आरपार दिसू लागला की साखर आत पोचली. तोवर पाक एकतारी होत आलेला असतो. थर्मामीटर असेल तर मुंबईत १०५ अंश, पुण्यात १०३. पुण्याच्या उंचीवर पाणीच सुमारे ९८ अंशांना उकळतं, तेव्हा हा फरक धरायलाच हवा. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि चकत्या रात्रभर पाकातच मुरू द्या.

ग्लुकोज नसेल तर अर्धा चमचा लिंबाचा रस चालतो. मोसंबीत आंबटपणा कमी, त्यामुळे यातलं काहीच घातलं नाही तर सकाळी पाकात खडे दिसतात. ईडलिंबाला बाहेरून आंबट लागत नाही. मात्र लिंबू जास्त झालं तर उलटा त्रास: साखरेचं विघटन होऊन जे ग्लुकोज-फ्रुक्टोज तयार होतं, त्यातलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी खेचतं आणि चकत्या कायम चिकट राहतात.

सकाळी पाक हलका कोमट करा, चकत्या जाळीवर काढा आणि किमान तासभर निथळू द्या. इथे घाई केली तर गळणारा पाक बास्केटच्या तळाशी खडकासारखा बसेल. एअर फ्रायर ८० अंशांवर लावा. बऱ्याच मशीनचं सगळ्यात कमी तापमान तेच असतं. एका थरात, एकमेकींना न चिकटता, चार-पाच लिटरच्या बास्केटमध्ये सात-आठ चकत्या मावतात. एका बाजूने २५ मिनिटं, उलटून आणखी २० ते २५. डिहायड्रेट मोड असेल तर ६० ते ६५ अंशांवर तीन तासांच्या आसपास, मध्ये एकदा उलटून. रंग यातच जास्त छान टिकतो, म्हणून वेळ असेल तर हाच मार्ग धरा. १०० च्या वर जाऊ नका. गर पातळ असल्यामुळे आधी सुकतो आणि तपकिरी होतो, साल मात्र ओलीच राहते.

बेकिंग पेपर घालायचा तर भोकांचा, आणि चकत्यांच्या वजनाखालीच. रिकाम्या बास्केटमध्ये नुसता पेपर ठेवून मशीन तापवलं तर तो उडून वरच्या कॉइलला चिकटतो आणि जळतो. शेवटी शेवटी हलक्या झालेल्या चकत्याही उडू लागतात, त्यांच्यावर लहान स्टीलची जाळी पालथी घाला. बास्केटला साखर चिकटली तर खरवडू नका, नॉनस्टिकचा थर जाईल. गरम पाण्यात अर्धा तास भिजवलं की ती आपोआप सुटते.

गरम असताना चकत्या नेहमी मऊच लागतात, त्यामुळे अंदाज पूर्ण गार झाल्यावर घ्या. वाकवली की वाकावी, मोडू नये, आणि बोटाला ओल लागू नये. साखरेत घोळवायच्या असतील तर किंचित चिकटपणा असतानाच घोळवा आणि बारीक दाण्याची साखर घ्या. पिठीसाखर ओल शोषून लगद्यासारखी होते. चॉकलेटमध्ये बुडवायच्या असतील तर साखर लावू नका आणि एक रात्र उघड्यावर आणखी सुकू द्या.

थरांमध्ये बटर पेपर घालून हवाबंद डब्यात ठेवा. कोरड्या हवेत महिनाभर सहज राहतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात मात्र डबा फ्रिजमध्येच हवा आणि बाहेर काढल्यावर गार डबा लगेच उघडू नका, आत ओल धरते.

उरलेला पाक गाळून बाटलीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पाकातल्या पुऱ्यांना हा फार शोभतो, फक्त वरून थोडं लिंबू पिळा. साखरभात केलात तर साखर थोडी कमी करून दोन-तीन चमचे हा पाक घाला आणि एक चकती बारीक चिरून वर पेरा. सुरुवातीला उडवलेली टोकंही टाकू नका. चकत्यांबरोबरच शिजवून, पाकवून त्यांचे तुकडे केले की केकसाठी बाजारच्या टुटीफ्रुटीची गरज राहत नाही.