कुलपातला डिफिब्रिलेटर

मंगळवार, ३ जानेवारी २०२३. नाताळची सुट्टी संपून पिट्सबर्गच्या आसपासच्या शाळा पुन्हा उघडल्या होत्या. इथल्या शाळा, जिम, चर्च आणि वाचनालयांतले एईडी तपासायचे आणि चालू स्थितीत ठेवायचे हे माझं काम. एईडी म्हणजे भिंतीवरच्या पेटीत असतो तो छोटा डिफिब्रिलेटर. हृदय धडधडायचं सोडून नुसतं थरथरू लागलं की विजेचा झटका देऊन त्याला ठिकाणावर आणणारं यंत्र. त्या सकाळी ऑफिसात पोचायच्या आतच माझा फोन निरोपांनी भरून गेला होता. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, आमचं मशीन चालतं ना?

आदल्या रात्री सगळ्यांनी टीव्हीवर ते पाहिलं होतं. सिनसिनाटीत एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधला बफेलो बिल्स आणि बेंगल्स यांचा सामना. पहिलाच क्वार्टर, संपायला सहा मिनिटं उरलेली. बेंगल्सचा टी हिगिन्स चेंडू झेलून १३ यार्ड पुढे आला आणि बिल्सचा सेफ्टी, म्हणजे बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा गडी, डमार हॅमलिन त्याला समोरून भिडला. दोघे पडले. हॅमलिन उठून उभा राहिला आणि दुसऱ्याच क्षणी पाठीमागे कोसळला. मैदानावरच छाती दाबणं सुरू झालं, डिफिब्रिलेटरने शॉक दिला गेला. बिल्सचे खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले, कित्येक जण रडत होते. सामना थांबला तो थांबलाच, पुढे कधी खेळला गेला नाही.

आमच्याकडे हे जास्तच लागलं, कारण हॅमलिन इथला. मॅकीज रॉक्स हे त्याचं गाव पिट्सबर्गला लागूनच, ओहायो नदीच्या काठावर. शाळा इथली, कॉलेज पिट्सबर्ग विद्यापीठ. गावातल्या मुलांना खेळणी वाटण्यासाठी त्याने २,५०० डॉलरचं लक्ष्य ठेवून वर्गणी सुरू केली होती. त्या एका रात्रीत अनोळखी माणसांनी तिच्यात लाखो डॉलर ओतले. शिवाय इथल्या लोकांच्या मनात तेच स्टेडियम आधीच सलत होतं. डिसेंबर २०१७ मध्ये, तोही सोमवारचाच सामना, आमच्या पिट्सबर्ग स्टीलर्सचा रायन शेझियर तिथेच मणक्याला मार बसून पडला आणि पुन्हा कधी खेळला नाही.

त्या दिवशी मी बऱ्याच ठिकाणी गेलो. लिहायचं आहे ते एका हायस्कूलबद्दल.

तिथला फुटबॉल कोच दारातच उभा होता. दांडगा माणूस, कॉलेजात स्वतः डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे बचावाच्या मागच्या फळीत खेळलेला. रात्रभर झोपला नव्हता हे त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. चालता चालता तो बोलू लागला, आणि हॅमलिन त्या जागी कसा पोचला हे मला त्याच्याकडून समजलं. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, सहाव्या फेरीत, २१२ व्या क्रमांकावर त्याची निवड झाली. एवढ्या खालच्या क्रमांकावरच्या मुलाला संघात टिकण्यासाठीच झगडावं लागतं. पहिलं वर्ष बरंचसं बाकावर गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये बिल्सचा नेहमीचा सेफ्टी मायका हाइड याच्या मानेला दुखापत झाली आणि त्याची जागा याला मिळाली. त्या हंगामात तो पडला त्या रात्रीपर्यंत त्याच्या नावावर ९१ टॅकल होते, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला इतक्या वेळा अडवून पाडलेलं.

"ही पोझिशनच अशी आहे," कोच म्हणाला. "बाकीचे पुढे धावतात, आम्ही उलटे धावतो. समोरचा कुठे वळणार हे त्याच्या कमरेवरून ओळखायचं. आणि सेफ्टी चुकला की मागे कुणी नसतं."

कबड्डीत चढाईचा गडी मध्यरेषेकडे झेपावतो आणि शेवटचा एक जण त्याच्या आडवा पडतो, ते मी मिरजेला लहानपणी खूप पाहिलं आहे. त्यामुळे कोच काय सांगतो आहे ते मला लगेच उमगलं. फरक एवढाच की इथे दोघेही भरधाव येतात. या गावांत मागच्या फळीतल्या जागांना मानही मोठा. मेल ब्लाउंटने स्टीलर्सकडून रिसीव्हरांना, म्हणजे पास झेलणाऱ्यांना, इतकं जखडून ठेवलं की १९७८ मध्ये लीगला नियमच बदलावा लागला, पाच यार्डांपलीकडे धक्काबुक्की बंद. याच फळीतले नावाजलेले टाय लॉ आणि डॅरेल रेव्हिस, दोघेही नदीच्या खालच्या अंगाच्या अलिक्विपाचे. कोचच्या संघातही एक सेफ्टी होता, अकरावीचा सडपातळ मुलगा. तो आमच्या मागेमागे येत होता.

मशीन नर्सच्या खोलीत होतं. हिरवा दिवा चालू, बॅटरी उत्तम. पॅडची मुदत मात्र आदल्या उन्हाळ्यातच संपलेली आणि पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेली ती तारीख कुणी वाचलेली नव्हती. पॅडवरचा जेल सुकला की ते छातीला नीट चिकटत नाहीत, मग वीज पोचावी तशी पोचत नाही. नवे पॅड माझ्या गाडीत होते. ते बसवले की माझं काम कागदोपत्री संपलं असतं. पण मी विचारलं, नर्स किती वाजता घरी जाते? तीन वाजता. आणि सराव? साडेतीनला.

मी कोचला म्हटलं, आपण एकदा घड्याळ लावून बघू या.

गाडीतला सीपीआरचा, म्हणजे छाती दाबायला शिकवायचा पुतळा काढून मी मैदानाच्या मधोमध ठेवला. नर्सला खोलीला कुलूप लावायला सांगितलं, दुपारी लावते तसं. कोच गुडघ्यांवर बसून दाबू लागला. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती किमान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. तो सेफ्टी मुलगा मशीन आणायला धावला. शाळेतला सगळ्यात वेगवान मुलगा होता तो, कोचने मुद्दाम त्यालाच पाठवलं.

दोन मिनिटांत कोचचा श्वास फुलला, दाबणं उथळ व्हायला लागलं. दोन मिनिटांनी माणूस बदला असं शिकवतात ते यासाठीच. मग बेसबॉलचा कोच बसला. मुलगा अजून आला नव्हता. खोलीला कुलूप, किल्ली सफाई कामगाराकडे, तो तळघरात. मशीन घेऊन मुलगा परतला तेव्हा मैदानाचं जवळचं फाटकही बंद निघालं आणि त्याला वळसा घालून यावं लागलं. सात मिनिटं होऊन गेली होती.

मुलाने धापा टाकत विचारलं, "सात मिनिटांत काय होतं?"

मी त्याला खरं ते सांगितलं. कुणी छाती दाबत नसेल तर शॉक मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. दाबत राहिलं तर ती घट बरीच मंदावते. म्हणजे सात मिनिटांनीही आशा असते, पण ती या दोघा कोचांच्या हातांमुळे, मशीनमुळे नाही.

हॅमलिनला नेमकं काय झालं हे त्या सकाळी कुणी जाहीर केलेलं नव्हतं. टीव्हीवर हृदयरोगतज्ज्ञ कमोशियो कॉर्डिसची शक्यता सांगत होते, आणि एप्रिलमध्ये हॅमलिनने स्वतःच तेच निदान सांगितलं. यात हृदय पूर्ण निरोगी असतं. एका ठोक्यानंतर ते पुढच्या ठोक्याची तयारी करत असताना सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग इतकी एक फट असते. छातीवरचा आघात नेमका तिच्यात पडला तर लय बिघडते. म्हणून हे इतकं दुर्मीळ. आणि अमेरिकेत हे सगळ्यात जास्त घडतं ते फुटबॉलमध्ये नव्हे, बेसबॉलमध्ये, छातीवर चेंडू लागलेल्या कोवळ्या मुलांना. हे ऐकल्यावर बेसबॉलच्या कोचने दुसरी पेटी कुठे बसवायची यावर स्वतःहूनच बोलायला सुरुवात केली.

मुख्याध्यापिका आल्या. पुढच्या बैठकीत विषय मांडते म्हणाल्या. कोच त्यांच्याशी अतिशय सभ्यपणे बोलला, पण मैदान सोडून हलला नाही. शेवटी असं ठरलं की नर्सच्या खोलीतली पेटी जिमच्या बाहेरच्या भिंतीवर यायची, कुलूप नाही, उघडली की भोंगा वाजेल एवढंच. माझ्या गाडीतलं बदली मशीन मी नवं येईपर्यंत ट्रेनरच्या, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्याच्या, पिशवीत ठेवून दिलं. ती पिशवी सराव असेल तिथे जायची. फाटकाची एक किल्ली पिशवीलाच बांधली. हे सगळं त्याच दुपारी झालं, आणि मला त्याचं आजही फार समाधान आहे.

पुढे चार-पाच दिवस टीव्हीवर 'चमत्कार' हा शब्द सारखा येत होता. प्रार्थना करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण सिनसिनाटीत काय काय तयार होतं तेही सांगायला हवं. एनएफएलच्या प्रत्येक सामन्याआधी तासभर दोन्ही संघांचे डॉक्टर, ट्रेनर आणि रुग्णवाहिकेची माणसं एकत्र भेटतात. कोण कुठे उभं राहणार, कोणत्या रुग्णालयात न्यायचं, सगळं ठरवून घेतात. श्वासनलिकेत नळी घालण्यात तरबेज असलेला डॉक्टर लाल टोपी घालून मैदानाच्या कडेला हजर असतो. हॅमलिनची छाती दाबणारा डेनी केलिंग्टन हा तेव्हा बिल्सचा सहायक ट्रेनर. सामन्यात एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ज्याचा सराव केला होता तेच केलं, वेळेवर केलं. आमच्या शाळेत तीच मुलं तोच खेळ खेळतात आणि मशीन कुलपात असतं, याचा मला राग येतो. पैशांपेक्षा तो विचार न करण्याचा भाग जास्त आहे.

गुरुवारी बातमी आली की हॅमलिन शुद्धीवर आलाय आणि नळीमुळे बोलता येत नाही म्हणून त्याने लिहून विचारलं, आपण जिंकलो का? ११ जानेवारीला तो रुग्णालयातून घरी गेला. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. यावर कोचचं आणि माझं पटलं नाही. मला वाटत होतं, या पोराने आता खेळू नये. तो म्हणायचा, हृदयात दोष नाही, तज्ज्ञांनी तपासलंय, मग त्याचं आयुष्य ठरवणारे आपण कोण? त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं, तरी १ ऑक्टोबर २०२३ ला हॅमलिन पुन्हा लीगच्या सामन्यात उतरला तेव्हा त्याचा प्रत्येक टॅकल मी मुठी आवळून पाहिला. त्या हंगामात तो मोजकेच सामने खेळला. २०२४ मध्ये मात्र सुरुवातीच्या अकरांत त्याने जागा मिळवली, आणि २३ सप्टेंबरला, पुन्हा एका सोमवारी रात्री, जॅक्सनव्हिलविरुद्ध कारकिर्दीतलं पहिलं इंटरसेप्शन घेतलं, म्हणजे समोरच्यांचा पास मधेच झेलला.

चेंडू त्याच्या हातात स्थिरावतो न स्थिरावतो तोच कोचचा मेसेज आला, "पाहिलंस?" मी उत्तर लिहीत असतानाच दुसरा आला, "पिशवीतले पॅड डिसेंबरला संपतायत. नवे या शुक्रवारीच आणून दे, सामना आहे."