नासकं सफरचंद आणि आपली आढी

ब्रिटनमध्ये एखाद्या खात्यातला गैरप्रकार उघडकीस आला की वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं असतं: 'जस्ट अ फ्यू बॅड ॲपल्स'. म्हणजे दोनचार जण वाईट निघाले, बाकी सगळं ठीक. संताप येतो, कारण मूळ म्हण नेमकं उलटं सांगते. 'वन रॉटन ॲपल स्पॉइल्स द होल बॅरल', एक नासलं की पिंप गेलं. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीतही सल्ला हाच आहे, की नासकं फळ साठ्यातून वेळीच काढलेलं बरं. आता म्हणीचा शेवट गळालाय आणि उरलेल्या तुकड्याची ढाल झालीय.

आपल्याकडे ही गफलत होणं कठीण. 'एक नासका आंबा आढी नासवतो' म्हणणाऱ्याने आढी पाहिलेली असते. पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा. मग अधूनमधून उलगडून एकेक फळ चाचपायचं आणि देठाशी काळं पडलेलं बाजूला काढायचं. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं, त्याने शेजारची फळं भराभर पिकतात, आणि नासक्याची बुरशी टेकलेल्या फळात शिरते. सफरचंदाचंही तेच. म्हणून तर घरची सफरचंदं हिवाळ्यासाठी ठेवणारी ब्रिटनमधली माणसं प्रत्येक फळ कागदात गुंडाळतात, एकमेकांना टेकू न देता एका थरात मांडतात आणि डागी फळ साठवणीत घेतच नाहीत. फळांच्या बाबतीत इतकी जागरूक माणसं बोलताना ते कसं विसरतात? झाकपाक आपल्याकडेही होते, पण निदान तिच्यासाठी आपण ही म्हण वापरत नाही.

फळांच्या अशा वाक्प्रचारांत इंग्रजी शिकणाऱ्यांची खरी अडचण अर्थापेक्षा वचनाची आणि 'अ', 'द'ची असते. 'सावर ग्रेप्स' नेहमी अनेकवचनी आणि आधी 'द' नाही: 'इट्स जस्ट सावर ग्रेप्स'. आपला कोल्हा न मिळालेल्या द्राक्षांना आंबट म्हणतो, इंग्रजीत मात्र हरल्यावरच्या नुसत्या जळफळाटालाही हे चालतं. 'लो-हँगिंग फ्रूट', म्हणजे सहज हाती लागणारं काम, एकवचनीच, 'फ्रूट्स' कानाला खटकतं. दुसऱ्याने कष्टाने केलेल्या कामाला हे म्हणू नका, तो दुखावतो. 'गो बनानाज', म्हणजे वेड्यासारखं करणं किंवा भडकणं, मात्र अनेकवचनीच, भूतकाळात 'वेंट बनानाज'.

'प्ले गूजबेरी' म्हणजे दोघांत तिसरा, आपलं 'कबाब में हड्डी'. इथेही 'अ' नको. अमेरिकेत हे सहसा कळणार नाही, तिथे 'थर्ड व्हील' म्हणा. 'लेमन'चंही तसंच. अमेरिकेत सतत बिघडणारी गाडी म्हणजे लेमन, ग्राहकाला संरक्षण देणाऱ्या तिथल्या कायद्यांनाही 'लेमन लॉ' म्हणतात. ब्रिटनमध्ये 'आय फेल्ट अ राइट लेमन' म्हणजे चारचौघांत अगदी बावळट वाटलं.

'द ॲपल ऑफ माय आय'मध्ये 'द' हवाच. लाडक्या लेकराला, नातवंडाला म्हणतात, आपण 'काळजाचा तुकडा' म्हणतो तसं. यातलं 'ॲपल' खाण्याचं नाही. डोळ्याच्या मधला काळा भाग भरीव गोळा आहे अशी जुनी समजूत होती, म्हणून त्याला सफरचंद म्हणत. इंग्रजी बायबलमध्ये जिथे हा शब्दप्रयोग येतो, त्यातल्या काही ठिकाणी मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ आहे 'डोळ्यातला छोटा माणूस'. मराठीत त्याच काळ्या भागाला आपण बाहुली म्हणतो. समोरच्याच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिलं की आपलीच इवलीशी आकृती दिसते ना, ती.