दुसऱ्याच्या पैशाने उमरा: परभणी ते मक्का, दारापासून दारापर्यंत

हज ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच फर्ज, म्हणजे धर्माने बंधनकारक आहे. गरिबावर धर्माने ते ओझं टाकलेलंच नाही. ओढ मात्र त्यालाही असते, आणि ती पुरवणारेही पूर्वीपासून आहेत. अकबराने सरकारी खजिन्यातून हजचे काफिले धाडले. हैदराबादच्या निजामांची मक्केत रुबात, म्हणजे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आहे. जुन्या संस्थानातल्या, म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्याही हाजींना चिठ्ठ्या काढून तिथे फुकट राहायला मिळतं. मुंबईचा साबू सिद्दीक मुसाफिरखानाही त्याच वळणाचा.

हजला कोटा आणि सोडत आड येते, शिवाय खर्चही मोठा. त्यामुळे आम्ही देणाऱ्यांच्या पैशाने गरिबांना उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला नेतो.

पॅकेजचे पैसे भरले की काम झालं, असं देणाऱ्याला वाटतं. पॅकेजमध्ये व्हिसा, तिकीट, हॉटेल, बस आणि बहुधा जेवण येतं. पासपोर्टचे १५०० रुपये (साठीच्या पुढे १० टक्के सूट), मेंदूज्वराची लस, गाव ते मुंबई भाडं आणि औषधं त्यात येत नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाची १५ दिवसांची मजुरी तर कुणी धरतच नाही. घरात किराणा भरून ठेवला नाही तर माणूस काब्यासमोर बसून घरच्या चुलीचा हिशेब करतो. हा पैसा आम्ही लिल्लाह किंवा सदक्यातून, म्हणजे ऐच्छिक दानातून घेतो, जकातीच्या सक्तीच्या दानातून नाही. जकातीचा पैसा गरिबाच्या मालकीचा करून द्यावा लागतो, त्याला ‘उमऱ्यालाच जा’ अशी अट घालणं बसत नाही.

पासपोर्टला तीन-चार महिने आधी हात घालावा. आधारवर जन्मतारीख एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, हे नेहमीचं. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी.

परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस रात्री धरली की सकाळी मुंबई. सामान तिथे एकदा उघडून बघतोच. घरच्या काळ्या मसाल्यात खसखस असते आणि सौदीत खसखशीला बंदी आहे. मिश्री, गुटखा, तंबाखूच्या पुड्याही इथेच काढून ठेवाव्यात. मधुमेहाच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत.

पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्यांसाठी आम्ही मदिना आधी ठेवतो. थेट मक्का गाठायची तर पुरुषांना एहरामची, म्हणजे यात्राविधीची दोन न शिवलेली वस्त्रं मुंबईतच नेसावी लागतात आणि विमानात मीकातची, म्हणजे एहरामशिवाय ओलांडता न येणाऱ्या हद्दीची घोषणा होईपर्यंत नियत (उमऱ्याचा संकल्प) करावी लागते. म्हातारा माणूस नेमका तेव्हा झोपतो. नियत न करता मीकात ओलांडली तर मागे जा, नाहीतर दम म्हणून बकऱ्याची कुर्बानी द्या. तो बकरा कुणाच्या खिशातून? मदिन्याहून निघताना ही भानगड नाही. शहराबाहेर १० किलोमीटरवर जुल-हुलैफा या मीकातला बस थांबते, आंघोळीची सोय आहे, निवांत दोन रकात नमाज आणि नियत होते. पुढे मक्केपर्यंत पाच-सहा तास.

मदिन्यात पैगंबरांच्या मशिदीतल्या रौजाच्या जागेत जाण्याच्या परवान्यासाठी सौदी सरकारचं नुसुक ॲप लागतं. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याचा परवाना कुणी काढायचा, हे टूरवाल्याकडून निघण्याआधी वदवून घ्यावं.

एहराममध्ये पुरुषांच्या मांड्या घासून सोलतात. बिनवासाचं व्हॅसलीन आधीच लावावं, कारण सुगंध चालत नाही. कमरेला पट्टा हवाच. तवाफचे, म्हणजे काब्याभोवतीचे सात फेरे हजर-ए-असवदच्या (काब्यातल्या काळ्या दगडाच्या) रेषेतल्या हिरव्या दिव्यापासून सुरू होतात. पायाखालचा पांढरा ग्रीक संगमरवर भर दुपारीही फारसा तापत नाही. मग सफा ते मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा, प्रत्येकी साधारण ४५० मीटर, म्हणजे तीन किलोमीटरहून जास्त चाल. गुडघे गेलेल्यांसाठी व्हीलचेअर आणि ढकलणाऱ्याचे पैसे खर्चात आधीच धरावेत. ऐन वेळी ‘नको, चालतो मी’ म्हणणारे तिसऱ्या खेपेला बसतात, आणि ते नकोपण दुखण्याचं नसतं, आणखी पैसे मागण्याच्या लाजेचं असतं.

चपला पिशवीत घालून सोबत ठेवाव्यात. मक्केच्या मशिदीच्या दरवाजाचा नंबर पाठ करून घ्यावा: किंग अब्दुल अजीज १, किंग फहद ७९. अक्षरओळख नसलेल्यांना घड्याळाचा मनोरा दाखवून ठेवावा. गळ्यात हॉटेलचं कार्ड अरबीत. बायकांची पाळी आली तर तवाफ थांबतो, म्हणून मक्केत पाच-सहा दिवस तरी हवेत. दोन-तीन दिवसांचं स्वस्त पॅकेज घेऊ नये, भलेही चार माणसांऐवजी तीनच जावोत.

खर्चाचे रियाल एकेकाच्या हातात, सगळ्यांना सारखे द्यावेत. ग्रुपलीडरकडे ठेवले की म्हातारी पाण्याची बाटलीसुद्धा मागत नाही.

परतताना मक्केतल्या जमजम विहिरीच्या पवित्र पाण्याचा पाच लिटरचा सीलबंद डबा विमानतळावर मिळतो. घरच्या बाटल्यांत भरून सामानात टाकला तर काढून घेतात. खजूर मात्र मदिन्यातच, माणशी चार-पाच किलो, वजनाची मर्यादा बघून घ्यावा. गावात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर दोन खजूर आणि घोटभर जमजम ठेवावंच लागतं. खजुराला पैसे दिले नाहीत तर माणूस ते उसने काढतो.