विहीर पूर्ववत करण्याची नोटीस

सीमाभागातील एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मी कनिष्ठ अभियंता आहे. गेल्या एप्रिलमध्ये एका गल्लीच्या पंचांना मला नोटीस द्यावी लागली. तिचा मसुदा माझाच होता आणि कानडीत होता, म्हणून पंचांना तो मराठीत समजावून सांगण्याचे कामही माझ्याकडेच आले.

त्या गल्लीत दगडी बांधणीची जुनी विहीर आहे. घरोघरी नळ आल्यावर तिचा वापर थांबला आणि तिच्यात निर्माल्य व कचरा पडू लागला. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. म्हणून फेब्रुवारीत पंचांनी अर्ज दिला की विहीर उपसून द्यावी, नाहीतर आम्हाला उपसू द्यावी. अर्ज मराठीत असल्याने टपाल घेणारे कारकून तो परत करू लागले. गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे, हे मी त्यांना सांगितले आणि कानडी गोषवारा स्वतः लिहून जोडला. वीस वर्षे टपाल घेणाऱ्या माणसाला हे कलम कोणी सांगितले नव्हते, याचे मला अजूनही वाईट वाटते.

पुढे फाइल एस्टिमेटवर अडली. गाळ काढण्याचा दर घनमीटरवर असतो. गाळ किती आहे हे पाणी उपसल्याशिवाय मोजता येत नाही, पाणी उपसण्याचा खर्च मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि मंजुरीसाठी गाळाचे माप लागते. मी अंदाजे माप धरून एस्टिमेट केले. ते ‘मापाला आधार काय’ असा शेरा घेऊन दोनदा परत आले. अर्जातला दुसरा पर्याय, म्हणजे ‘आम्हाला उपसू द्या’, त्यावर कोणीच शेरा लिहिला नाही. मोजमाप पुस्तकात ठेकेदाराच्या कामाची नोंद होते, कारण त्याला बिल द्यायचे असते. ज्या कामाचे बिल नाही, ते कोणत्या रकान्यात लिहायचे हे आमच्याकडे ठरलेलेच नाही.

पंच दोन महिने थांबले. मग त्यांनी घरटी वर्गणी काढली, गणपतीच्या मांडवाचे वासे विहिरीवर आडवे टाकून कप्पी बसवली, आणि तीन रविवारी मिळून नऊ ट्रॉली गाळ बाहेर काढला. कोणीतरी तक्रार केली. फेब्रुवारीच्या अर्जाला न मिळालेली गती या तक्रारीला मिळाली आणि तीन दिवसांत नोटीस तयार करण्याचा आदेश माझ्या टेबलावर आला.

पालिकेच्या मालमत्तेत विनापरवाना काम केल्याच्या नोटिशीत एक ठरलेले वाक्य असते: सात दिवसांत जागा पूर्ववत करावी. मी ते छापील नमुन्यातून जसेच्या तसे उतरवले होते. विहिरीच्या कट्ट्यावर उभी राहून ते मराठीत सांगितले, तेव्हा सर्वांत वयस्कर पंच म्हणाले, “पूर्वीसारखी म्हणजे गाळ परत आत घालून सोडायचा काय, मॅडम?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हते, आणि मलाही उत्तर देता आले नाही.

“मामा, आधी पाणी बघू या,” असे म्हणून मी टेप मागितला. व्यास ५ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर भरली, म्हणजे सुमारे ७८,५०० लिटर पाणी. चांगल्या ब्लीचिंग पावडरचे प्रमाण हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम धरले, तर २०० ग्रॅम पुरते. त्यांनी मात्र एका तरुणाच्या सांगण्यावरून उघड्या पोत्यातली पावडर अंदाजाने टाकली होती. पोते उघडे राहिले की पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि वजन तेवढेच राहिले तरी उपयोग होत नाही, हे मी त्यांना दाखवून दिले. पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणीच दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत खोलवर सोडावे आणि ढवळावे, पुढे किमान अर्धा तास पाणी काढू नये. अर्ध्या तासाने क्लोरोस्कोपची, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन मोजण्याच्या साधनाची, नळी पिवळसर झाली आणि माप लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या वर आले. पॉलिटेक्निकला जाणाऱ्या एका मुलीने हे सर्व वहीत उतरवून घेतले. माझ्या नोकरीत इतके नेमके काम मी फार कमी वेळा केले आहे.

त्याच वहीत पाण्याच्या पाळ्या लिहिलेल्या होत्या. गल्लीच्या टोकाच्या चाळीतील अकरा भाडेकरू कुटुंबे तिच्यात नव्हती. त्यांतली बहुतेक कानडी बोलणारी, बांधकामावर जाणारी माणसे. वर्गणी दिली नाही, हे कारण पंचांनी दिले. वर्गणी मागायला त्यांच्याकडे कोणी गेलेच नव्हते. ही नावे घातल्याशिवाय मी पाणी तपासायला येणार नाही, असे मी बोलून गेले. दुसऱ्या दिवशी नावे आली, दोघे भाडेकरू गाळाच्या शेवटच्या ट्रॉलीला हातही लावून गेले. पण मी जे केले ते लोकांच्या कारभाराला साहाय्य होते की साहेबी दरडावणी, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. पालिका पूर्ण बाजूला झाली असती, तर ती अकरा घरे वहीबाहेरच राहिली असती एवढे मात्र मला दिसते.

७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. आमचे शहर त्याहून बरेच लहान आहे. गल्लीतल्या पंचांना कायद्यात जागा नाही, आणि उत्सव, मयत, भांडणे, सगळे तर तेच निस्तरतात. बेळगावात टिळकवाडीची काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदली गेली आणि आजही लोक तिचा उल्लेख अभिमानाने करतात. आमच्या विहिरीची मालकी पालिकेकडेच राहावी, पाण्याची तपासणी महिन्याला आम्ही करावी, आणि उपसा, पाळ्या व वर्गणी गल्लीने पाहावी, असा एक पानी करारनामा मी मेमध्ये वरिष्ठांकडे पाठवला. ‘असा नमुना उपलब्ध नाही’ असा शेरा घेऊन तो परत आला. मी त्यांना दोष देत नाही. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुली त्यांच्याच पगारातून होईल, ही भीती खरी आहे.

पंचांची वही महिन्याला येते आणि मी क्लोरीनचे माप तपासून तिच्यावर तारीख घालते. फाइलमध्ये नोटिशीच्या पूर्ततेचे पान आहे आणि त्यावर एकच प्रश्न छापलेला आहे: जागा पूर्ववत केली काय? सात दिवसांची मुदत केव्हाच संपली आहे आणि ते पान अजून माझ्याकडे आहे.