तुम्ही विचारलंत म्हणून : किट नसताना गाडी बनते कशी?

"असली गाडी तर कुठे विकतही मिळत नाही, तिचं तयार सुट्या भागांचं किटही नाही. मग बनवली कशी? सुरुवात कुठून केली?" मनातल्या स्पोर्ट्स कारचं मॉडेल टेबलावर ठेवलं की पाच मिनिटांत हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात उत्तर बहुधा तयार असतं: एक ठोकळा घ्यायचा आणि गाडीसारखा दिसेपर्यंत तासत राहायचं. तसं केलं तर शेवटी हातात वापरून झिजलेली साबणाची वडी उरते. गाडी चाकांपासून सुरू करायची. बॉडीची पाळी नंतर.

स्कॉर्पिओचं मॉडेल चुकलं तर नाशिकमधलं शेंबडं पोरही सांगेल. २००२ साली ती इथल्याच कारखान्यातून बाहेर पडली आणि तेव्हापासून रोज दारावरून जाते. कल्पनेतली गाडी मात्र कुणीच पाहिलेली नसते. मग बघणाऱ्याचा डोळा मापासाठी एकच ओळखीची वस्तू पकडतो, ती म्हणजे चाक. चाक एवढं, तर दार केवढं, छप्पर किती खाली, हे तो नकळत ताडतो. चाक चुकलं की बाकी सगळं बरोबर असूनही गाडी खेळण्यातली वाटते.

१:२४ हे प्रमाण घरच्या कामाला सोयीचं. समजा गाडी ४४४० मिलिमीटर लांब, १९२० रुंद, ११५० उंच, आणि पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर २६४०. चोविसाने भागलं की १८५, ८०, ४८ आणि ११०. आता टायर. पुढे २६५/३५ आर २० घातला (२६५ ही रुंदी, ३५ म्हणजे रुंदीच्या टक्क्यांत टायरची उंची), तर रिम २० इंच म्हणजे ५०८ मिलिमीटर, त्यात वर-खाली २६५ चे ३५-३५ टक्के मिळवले की व्यास ६९३. मॉडेलमध्ये २९, रुंदी ११. मागे ३०५/३० आर २० घेतला तर व्यास जवळजवळ तोच, रुंदी पावणेतेराच्या आसपास. बाजूने बघितलं तर पुढच्या-मागच्या टायरांच्या मध्ये ८१ मिलिमीटर जागा उरते, तिथे पावणेतीन चाकं बसतात. गाडीची उंची पावणेदोन चाकांहूनही थोडी कमी. हे प्रमाण पाठ करून ठेवा. स्केच काढताना सगळ्यांचा हात चाकं फुगवतो, आणि ३३ मिलिमीटरचं चाक म्हणजे खऱ्या गाडीला ७९२ चं, डोंगर चढणाऱ्या जीपचं चाक.

ड्रॉइंग चार बाजूंचं हवं: बाजू, पुढून, मागून, वरून. प्रिंट काढताना झेरॉक्सवाला 'फिट टू पेज' ठेवतो आणि गाडी गुपचूप तीन-चार टक्क्यांनी लहान होते. म्हणून कागदावर कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवायची आणि प्रिंट हातात आल्याबरोबर पट्टी लावायची. दोन दिवसांचं काम या एका रेघेने वाचतं.

चाकांसाठी नाशिककरांना लांब जायला नको. सातपूर-अंबडला जॉबवर्क करणारा टर्नर ३० मिलिमीटरच्या काळ्या नायलॉन रॉडमधून टायर काढून देतो. त्याला सांगायचं एवढंच, की पुढची जोडी एका पकडीत वळव आणि मग कटऑफ कर, मागची जोडीही तशीच. एक-एक तुकडा वेगळा पकडला की व्यासात दोन दशांशांचा फरक पडतो आणि गाडी लंगडते. रिमचे आरे एकदाच बनवायचे, एक मिलिमीटरच्या स्टायरीन (कडक पांढरं प्लास्टिक) शीटमधून. त्याचा सिलिकॉन रबरचा साचा घ्यायचा आणि चार नग पीयू (पॉलियुरेथेन) रेझिनमध्ये ओतायचे. हे ओतकाम जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. पीयूच्या हार्डनरला हवेतली ओल लागली की आत वायू तयार होतो आणि आरे जाळीदार पावासारखे निघतात. पावसाळ्यात करायचंच असेल तर इपॉक्सी वापरा. वेळ जास्त लागतो, पण फेस येत नाही.

दोन मिलिमीटर स्टायरीनची सपाट चासी, तिच्यावर साडेसहा मिलिमीटर उंचीचे स्टायरीनचे ठोकळे, ठोकळ्यांवर तीन मिलिमीटर पितळी नळी, नळीत दोन मिलिमीटरचा स्टीलचा आस. सहा-आठ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या तुकड्यावर चारही चाकं टेकवायची आणि चासीचं पोट काचेपासून साडेचार मिलिमीटरवर आलं का बघायचं. खऱ्या गाडीत ते सुमारे ११० होतं. हे जमल्याशिवाय बॉडीच्या सामानाला हात लावायचा नाही.

आता बॉडी. इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात.

बाजूच्या ड्रॉइंगवरून गाडीच्या मधोमधची उभी रेघ एक मिलिमीटर स्टायरीनमध्ये कापायची. हा कणा. त्यावर आडवे काप: नाक, पुढचा आस, काचेचा पायथा, छपराचा माथा, मागचा आस, शेपूट, आणि मधल्या जागी गरजेनुसार, एकूण दहा-बारा. प्रत्येक काप अर्धाच काढायचा आणि कागद दुमडून दुसरा अर्धा कापायचा. पूर्ण काप हाताने काढणाऱ्याच्या गाडीला एक गाल सुजलेला असतो. सगळ्या कापांच्या कडा ड्रॉइंगपेक्षा एक मिलिमीटर आत घ्या. मधल्या खणांत पीयू फोमचे तुकडे भरा. पांढरा थर्माकोल किंवा निळा-गुलाबी एक्सपीएस फोम भरलात, तर वर पॉलिएस्टर पुट्टी लागताच तो डोळ्यांदेखत विरघळतो आणि खाली पोकळी राहते.

एक मिलिमीटर आत का? फोम मऊ, स्टायरीन कडक. दोन्ही एका पातळीत ठेवून घासलं की पॉलिश पेपर फोम भराभर खातो, स्टायरीनला फक्त कुरतडतो. दुष्काळातल्या गाईसारख्या गाडीच्या बरगड्या दिसायला लागतात. पुट्टीचा अखंड थर वर आला की घासायला एकच पदार्थ राहतो, आणि घासताना कुठे स्टायरीनची पांढरी कड उघडी पडली, तर आपण खूप खोल गेलो हे तिथल्या तिथे कळतं.

पुट्टी म्हणजे गॅरेजमधला डेंटर वापरतो तीच. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम हार्डनर. आपण एका वेळी वीस ग्रॅम कालवतो, म्हणजे हार्डनर अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी, आणि तो अंदाजाने पिळला की हमखास चुकतो. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या. हार्डनर जास्त झाला तर पुट्टीला तडे जातात, शिवाय तो पुढे रंगातून पिवळट डाग होऊन वर येतो. कमी झाला तर पुट्टी पेपरला गुळासारखी चिकटत राहते. एप्रिल-मेच्या दुपारी चार मिनिटांत ती दगड होते, तेव्हा सकाळी काम करा. कालवताना फेटू नका, पत्र्याच्या पट्टीने दाबत-दाबत मिसळा. फेटलेल्या हवेची टाचणीएवढी भोकं घासताना शेकड्यांनी उघडतात.

आधी १२० नंबर, मग २२०, मग ३२०, आणि तिन्ही कोरडे. उघड्या पॉलिएस्टर पुट्टीवर पाणी लावून घासायची खोड अनेकांना असते. पुट्टी ते पाणी पिते आणि महिन्याभराने क्लिअर कोटखाली, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराखाली, फोड येतात. वॉटर पेपर प्रायमर मारल्यावर. पेपर बोटाने दाबायचा नाही, लाकडी ठोकळ्यावर किंवा वाकणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवायचा. नाहीतर प्रत्येक बोटाची एक-एक नाली पडते. बारीक कानशी आणि सोनारकामाची करवत सराफ बाजाराच्या परिसरात मिळतात. छंदाच्या दुकानातल्या रंगीत मुठीच्या कानशींपेक्षा त्या जास्त टिकतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही बाजू सारख्या आल्या का, हे डोळ्याने कळत नाही, कारण डोळ्याला सवय होते. जाड कार्डाचे अर्धे फर्मे कापून तोच फर्मा उजवीकडे लावा, उलटवून डावीकडे लावा, मागे बॅटरी धरा. उजेडाची फट दोन्हीकडे सारखी दिसली पाहिजे. दुसरी युक्ती मोबाइलची. दीड मीटर लांबून, झूम करून पुढून फोटो घ्या आणि आडवा उलटा करा. उलट्या फोटोत वाकडं नाक लगेच उठून दिसतं. फोन जवळ नेऊन घेतलेल्या फोटोवर मात्र विश्वास ठेवू नका, त्यात बरोबर गाडीही फुगते.

राखाडी प्रायमर मारला की खरी तपासणी सुरू. पृष्ठभाग पाण्याने ओला करा, ट्यूबलाइटखाली धरा आणि गाडी हळूहळू फिरवा. ट्यूबचं प्रतिबिंब दारावरून मागच्या मडगार्डावर सरकत जातं. ते जिथे अडखळतं, मोडतं किंवा एकदम जाड होतं, तिथे खड्डा आहे. बोट फिरवून न लागलेला खड्डाही ही रेघ दाखवते. तिथे पेन्सिलीने गोल करायचा, बारीक पुट्टी भरायची, घासायचं, पुन्हा प्रायमर. हे पाच-सहा वेळा होतं. दोनदाच झालं असेल तर नीट बघितलेलं नाही. ट्यूबमधली एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी अगदी पातळच लावा. जाड थर आठवडेच्या आठवडे आकसत राहतो आणि रंग झाल्यावर खड्डा परत दिसतो.

"थ्रीडी प्रिंट का नाही काढत?" हा उपप्रश्न. काढा की. चाकं, सीट, आरसे यांना प्रिंट उत्तमच. पण बॉडीवर ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या थरांच्या पायऱ्या येतात, त्या बुजवायला हीच पुट्टी, हाच पेपर आणि हीच ट्यूबलाइट. त्याआधी संगणकावर वक्र पृष्ठभाग स्वच्छ काढता यायला हवेत, आणि तेही शिकायला वेळ लागतोच.

पहिल्या गाडीला आतला भाग करू नका. बॉडी भरीव ठेवा, काचा चकचकीत काळ्या रंगवा. यात कमीपणा नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली मुलांसाठी क्राफ्ट्समन्स गिल्ड नावाची स्पर्धा सुरू केली. आधी नेपोलियनच्या काळातल्या बग्गीची प्रतिकृती असायची, पुढे स्वतःच्या कल्पनेतली गाडी, बाराव्या हिश्शाची. १९६८ पर्यंत ती चालली, आणि त्यातल्या कितीतरी गाड्या भरीवच होत्या. आरपार काच हवीच असेल, तर बॉडीचा साचा घेऊन फायबरचं पोकळ कवच काढावं लागतं आणि अर्धा मिलिमीटर पीईटीजी या पारदर्शक प्लास्टिकची शीट तापवून व्हॅक्यूमने ओढावी लागते. तिचा फर्मा प्लास्टरचा किंवा रेझिनचा करा. स्टायरीनचा केलात तर गरम शीटखाली फर्माच बसतो. आणि तो शीटच्या जाडीइतका लहान ठेवा, नाहीतर काच बॉडीच्या वर उठून येते.

दारांच्या रेघा. खऱ्या गाडीत फट चारेक मिलिमीटर, चोविसाव्या हिश्शात ०.१७. तेवढी बारीक कोरली तर रंगाखाली गडप होते, म्हणून ०.३ ते ०.४ ठेवायची. जाड चिकटपट्टी लावून तिच्या आधाराने टोच ओढायचा, पहिले तीन हात नुसत्या वजनाने, जोर नंतर. पहिल्याच हाताला जोर दिला की टोच मऊ जागेकडे पळतो. पळालाच, तर ओरखड्यात सुपरग्लू आणि टाल्कम पावडर भरा आणि तासाभरात घासून टाका. रात्रभर ठेवलात तर तो ग्लू आजूबाजूच्या पुट्टीपेक्षा कडक होतो आणि तिथे उंचवटा राहतो.

रंगाला नाशिकची हवा वर्षातून चार महिने फार चांगली असते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फक्त डिसेंबर-जानेवारीत पहाटे नाही, ऊन चढल्यावर. पावसाळ्यात, म्हणजे गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या पायाला लागतं त्या दिवसांत, एनसी रंग मारला की तो दुधासारखा पांढरट पडतो. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. हळू उडणाऱ्या रिटार्डर थिनरने थोडी मदत होते, पण थांबणं बरं. आणखी एक: एनसी थिनर स्टायरीनला खातो. जिथे स्टायरीन उघडं आहे तिथे पहिले दोन हात जवळजवळ कोरडे, लांबून उडवायचे. मेटॅलिक घेताना सगळ्यात बारीक दाण्याचा मागा. मोठ्या गाडीची चमकी इतक्या लहान गाडीवर लग्नातल्या टिकल्यांसारखी दिसते. टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर, गॅरेजमधल्या पेंटरकडून मारून घ्या. त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट, आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. आठवडाभर ठेवून मग १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, नंतर कंपाउंड. कडांवर पेपर नेऊ नका, तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि एका हातात खालचा रंग उघडा पडतो.

शेवटी चासी बॉडीत बसवून गाडी पुन्हा त्याच काचेवर ठेवा. ट्रेसिंग पेपरची पट्टी एकेका चाकाखाली सरकवून बघा. तीन चाकांखाली अडली आणि चौथ्याखालून सुळकन निघाली, तर बॉडीला दोष देऊ नका. बॉडी काढा, त्या बाजूची पितळी नळी गरम सोल्डरिंग गनने हलकेच तापवा, आजूबाजूचं स्टायरीन मऊ झालं की चाक काचेला टेकेपर्यंत दाबा आणि पूर्ण गार होईस्तोवर हात काढू नका.